माझ्या झाकणाखालचा पिवळा कागद

मी एक कॅल्क्युलेटर बोलतो आहे. चिनी आणि मलय वस्तीच्या ताइपिंग गावातल्या शाळांमध्ये माझ्या कथेचे तीन पाठ प्रचलित आहेत. पहिल्यात मंतरलेल्या कागदाच्या बळावर मी उत्तरे आपोआप दाखवतो. दुसऱ्यात त्या कागदावर मंत्र नसून सूत्रे असतात आणि परीक्षेला बसलेली मुलगी पकडली जाते. तिसरा पाठ गणिताच्या शिक्षकांना प्रिय आहे. त्यात ती मला खिडकीबाहेर फेकून पैकीच्या पैकी गुण मिळवते. तिन्हींत मला कुणी काही विचारत नाही. हा चौथा पाठ माझा. यावरही थोडा संशय राखलेला बरा.

मी कारखान्यात जन्मलो, तेव्हा जन्मकथा वगळतो. शाळा संपायला दोन वर्षे उरली असताना खू सिउयिनने मला घरी आणले. तिची आजी, जिला ती आमा म्हणे, चाळीस वर्षे सुक्या मासळीच्या दुकानात अबॅकसवर हिशेब करत आलेली. स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले.

"परीक्षेत हे लागतंच का?"

"चालतं, आमा. नियमातच आहे."

"चालतं वेगळं, लागतं वेगळं. हे आकडा दाखवतं, पण कुठून आणलास विचारलं तर गप्प. असा नोकर आमच्या दुकानात एक दिवस टिकला नसता."

तेव्हापासून घरात एक शिरस्ता पडला. माझी कळ दाबण्यापूर्वी सिउयिनने उत्तराचा अंदाज मोठ्याने सांगायचा. चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली आमा विचारी, "अंदाज?" आणि सिउयिन कुरकुरत सांगे. दोन वर्षांत माझे एकही उत्तर चौकशीवाचून स्वीकारले गेले नाही.

नर्सिंगच्या प्रवेशासाठी गणितात चांगली श्रेणी आवश्यक होती आणि सराव परीक्षेत सिउयिन घसरली होती. परीक्षेआधी पेने आणि प्रवेशपत्रे विद्येच्या देवापुढे ठेवायची, सोबत कांद्याची पात वाहायची आणि पुजाऱ्याने लाल शाईत लिहिलेला पिवळा कागद कंपासपेटीत जपायचा, ही तिथली रीत. आमाने रीत पाळली, पण कागदाची जागा बदलली. नातीला न सांगता तिने माझे मागचे झाकण उघडले आणि कागदाची घडी बॅटरीशेजारी कोंबली.

"पेन बिचारं तिचं ऐकतं," ती स्वतःशी पुटपुटली. "हे कुणाचं ऐकतं कोण जाणे. औषध यालाच द्यायला हवं."

झाकण नीट बसेना, म्हणून वरून लाल धागा गुंडाळला.

परीक्षेला पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून येतात. त्या दिवशी आलेल्या रोस्मावतीबाई प्रत्येक बाकावरचे यंत्र उलटून पाहत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"हे काय बांधलंय?"

"आजीनं बांधलंय, चिक्गू." तिथे शिक्षकांना असेच संबोधतात.

"आणि आत?"

"आत बॅटरी."

धागा कापला गेला. झाकण उघडताच कागद बाकावर पडला. त्यावरची चिनी अक्षरे बाईंना वाचता येत नव्हती.

"बॅटरीला अक्षरं कधीपासून फुटायला लागली?"

सिउयिनचा चेहरा उतरला. पेपर रद्द होणार की नाही, हे त्या कागदावर ठरायचे होते. चिनी वाचणाऱ्या ओंग सरांना बोलावणे गेले. तोवर माझ्या पोटात आणखी काही दडवले आहे का, हे पाहण्यासाठी बाईंनी माझ्या कळा एकामागून एक दाबल्या. त्यांतल्या एका कळेने कोन मोजण्याचे माझे माप अंशांवरून रेडियन या वेगळ्याच एककावर गेले. ते कुणाच्या लक्षात आले नाही.

ओंग सरांनी कागद दोनदा वाचला. "‘देवा, या मुलीचं चित्त थाऱ्यावर ठेव.’ एवढंच आहे, बाई. सूत्र असतं तर आधी मीच उतरवून घेतलं असतं."

बाई हसल्या नाहीत. "कागद माझ्याकडे राहील. लिही तू. पण माझं लक्ष आहे."

वीस मिनिटे गेली होती. सहावा प्रश्न शिडीचा होता: आठ मीटर लांब, जमिनीशी तीस अंशांचा कोन, टोकाची उंची किती? सिउयिनचे ओठ सवयीने हलले: "निम्मी. चार." मग तिने मला विचारले. मी उत्तर दिले: उणे सात पूर्णांक नऊ दशांश.

मी खोटे बोललो नव्हतो. ज्या मापात मला विचारले गेले, त्याच मापात मी सांगितले. पण शिडी जमिनीखाली गेली होती. सिउयिनने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणालो. तेव्हा तिने माझ्याकडे हुबेहूब आमाच्या नजरेने पाहिले, मला बाकाच्या कोपऱ्यात पालथे घातले आणि उरलेला पेपर हाताने सोडवला. शेवटचे गणित अर्धे राहिले.

तरी निकालात हवी ती श्रेणी मिळाली.

"मग? लागलं का ते?" आमाने विचारले.

"एकदाच. तेव्हाही थाप मारली त्यानं."

"मी काय म्हणत होते?"

या आरोपावर माझे म्हणणे वर नोंदवले आहे. वाचकाला विनंती इतकीच, की मला विचारण्यापूर्वी आपले उत्तर हाताशी ठेवावे.

बाईंनी पेपरनंतर परत केलेला कागद आमाने देवळात नेऊन धूपपात्रात जाळला. सिउयिनने माझे माप पुन्हा अंशांवर आणले आणि झाकणाचा स्क्रू घट्ट केला.