सोमालिया पाहून आलेली बाटली

मी पाण्याची एक जुनी लष्करी बाटली आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले ती पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावच्या पंकज नावाच्या जवानाच्या कमरेला आले. १९९३ साली आमची तुकडी शांतिसेनेत सोमालियाला गेली.

मुलूख रखरखीत. पंकज म्हणाला, "आपल्या पाथर्डीवानीच हाय की!" पण तिथली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून होती. भाषा एक, धर्म एक. कुळं तेवढी वेगळी.

एका गावात आमच्या जवानांनी विहीर खोदली. पाणी लागलं आणि दोन कुळं समोरासमोर उभी ठाकली. आमच्या साहेबांनी पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या. कुणी ऐकेना. बंदुकांचे खटके वाजू लागले.

तेवढ्यात एक म्हातारा पुढे आला. दुभाष्याकरवी म्हणाला, "साहेब, इंग्रजांनी आणि इटलीवाल्यांनी आमचा मुलूख वाटून घेतला. मग बड्या देशांनी आमच्या राज्यकर्त्याला बंदुका पुरवल्या. त्यानं काही कुळं जवळ केली, बाकीची चिरडली. तुम्ही विहीर दिलीत, उपकार झाले. वाटणी मात्र आम्हाला करू द्या."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. पंकज चाचरत म्हणाला, "साहेब, आमच्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत न्हवते. तिच्या पाण्याचं दुसरेच ठरवायचे. यांचं यांना ठरवू द्या."

साहेबांनी जवानांना मागे घेतलं. दोन्हीकडचे वडीलधारे बंदुका लांब ठेवून बाभळीखाली बसले. बोलणी तापायची, निवायची. ऊन उतरलं. मी तर केव्हाच रिकामी झाले होते. अखेर दोन्ही कुळांच्या बायका डबे घेऊन बरोबरीनंच विहिरीकडे निघाल्या, आणि पंकज बंदूक उतरवून खाली बसला. हसत होता आणि डोळे पुसत होता.

पुढच्या वर्षी आम्ही घरी आलो. त्याची आई बनाबाई दारातच त्याचे हातपाय चाचपत राहिली.

"धड आलास रे बाबा! तिथलं भांडण मिटलं का?"

"समद्या देशाचं न्हाई, आई. त्या विहिरीवरचं मिटलं."

"मंग लई झालं," बनाबाई म्हणाली आणि तिनं चहा टाकला.

नंतर मी खुंटीला धूळ खात लटकले. आता पंकजची लेक भारती मला घासूनपुसून शाळेत नेते. पोचे पडलेत, पण गळत नाही मी.

मित्रांनो, माझं झाकण घट्ट लावत जा, एवढंच मागणं. आणि कधी आपसांत बिनसलंच, तर बाहेरचं कुणी हातात काठी देण्याआधी एकमेकांसमोर बसा. वेळ लागतो, पण उठताना माणसं हलकी होऊन उठतात. मी पाहिलंय.