दोन थेंब जास्तच

मित्रांनो, माझ्या अंगावर तेल ओतून साहेबांना काय मिळत होतं, तो हिशोब आधी मांडते. माझी जन्मकथा जरा थांबली तरी चालेल.

साहेब म्हणजे एका कारखान्याच्या भांडाराचे निवृत्त प्रमुख. नोकरीत असताना त्यांच्या सहीशिवाय एक खिळासुद्धा बाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, त्या संध्याकाळच्या आत खरवडून काढल्या. मुलाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला गेले, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आता आराम करा." या वाक्याचा अर्थ साहेबांना पुरता कळला. भांडारात न खपणाऱ्या मालाबद्दल तेही असंच गोड बोलत असत.

अशा माणसाच्या हाती बाईंच्या रायफलीचा बोल्ट लागला. बाई नेमबाजीच्या क्लबात नेम धरायच्या, पण रायफल साफ करायचा त्यांना कंटाळा. म्हणजे जागा रिकामी होती आणि अर्ज एकच आला होता. तेलाच्या एवढ्याशा बाटलीत गेलेली खुर्ची परत मिळत असेल, तर कोण सोडील?

मी त्या बोल्टच्या पोटातली एक जुनी स्प्रिंग आहे. थकलेली आहे हेही सांगून ठेवते, म्हणजे मध्येच सुस्कारा ऐकू आला तर दचकू नका.

माझा जन्म पोलादाच्या तारेतून झाला. एका कारागिराने मला सळईभोवती गुंडाळलं, लाल होईस्तोवर तापवलं आणि तेलात बुडवलं. त्या तेलाने मला ताठा दिला. तेव्हा तेलाशी माझं जन्माचं नातं आहे, वैर नाही. पण मित्रांनो, आईसुद्धा दिवसभर अंगाला चिकटून बसली तर जीव घुसमटतोच की!

माझं काम सोपं आहे. बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागची सरकती दांडी. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. तिच्या आत एक बारीक पिन असते आणि त्या पिनेला मी वेढा घालून बसते. दांडी बंद झाली की मी दबते. चाप ओढला की सुटते आणि पिन पुढे धाडते. पिन काडतुसाच्या कडेवर टिचकी मारते आणि पुढचं तुम्हाला ऐकू येतंच. दबायचं आणि सुटायचं, एवढाच माझा संसार. पण ते सुटणं दर वेळी अगदी सारखं व्हावं लागतं. मी जराशी रेंगाळले की टिचकी मंद पडते आणि गोळी खाली उतरते.

माझी तरुणपणची वर्षं क्लबच्या सामायिक कपाटात गेली. सगळ्यांची रायफल म्हणजे कुणाचीच नव्हे. ज्याला बक्षीस मिळे तो रायफलीच्या दस्त्यावर थोपटायचा, नळीचं कौतुक करायचा. आत एक स्प्रिंग आहे हे कुणाच्या गावीही नसायचं. पुढे क्लबने नव्या रायफली घेतल्या आणि जुन्या विकायला काढल्या. त्यांतली ही एक बाईंनी घरी आणली. तिथे माझं भाग्य उजळलं, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणून म्हणते.

साहेबांनी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला. चष्मा नाकावर खाली ओढला. बोल्ट उघडून मला बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "अरेरे, काय हे हाल!" इतकी वर्षं मला कुणी अरेरेसुद्धा म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी विरघळले. त्यांनी मला पुसलं आणि तेलाचे दोन थेंब सोडले. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी त्यांची आरती ओवाळली असती. पण त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी दोन सोडले. "असू दे," स्वतःशीच म्हणाले, "कमी पडायला नको."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी टॉवेल, चष्मा आणि बाटली.

उन्हाळ्यात निभावून गेलं. थंडी पडू लागली आणि बोल्टमधलं तेल मधासारखं घट्ट झालं. मी सुटायची, पण चिखलातून पाय उपसल्यासारखी. कधी वेळेवर, कधी उशिरा. बाईंच्या गोळ्या कधी मधोमध, तर कधी दोन वर्तुळं खाली.

बाईंच्या दृष्टीने ती वेळ फार वाईट होती. क्लबचा चारजणांचा संघ निवडायचा होता. बाई इतकी वर्षं राखीव म्हणूनच गेल्या होत्या. संघाच्या पिशव्या सांभाळायच्या, टाळ्या वाजवायच्या आणि परत यायचं. त्यात नेमाच्या डोळ्यावर पडदा धरू लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हा हंगाम घ्या खेळून. पुढचं मी सांगू शकत नाही." आता नाही तर कधीच नाही, असा मामला.

क्लबात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक सदस्य होते, त्यांना सगळे वारेशास्त्री म्हणत. जगातल्या कुठल्याही दुःखाचं कारण ते वाऱ्यात शोधत.

"वहिनी, वारा आहे हो. डोंगराकडून उतरतो आणि गोळी खाली दाबतो."

"इथे डोंगर कुठे आहे?"

"दिसत नाही ना? धुकं आहे म्हणून."

कोच म्हणाले, श्वास चुकतोय. बाई स्वतः म्हणाल्या, डोळाच गेला. आणि घरी साहेब बोल्टची दांडी मागेपुढे करत म्हणाले, "जड चालतोय. तेल कमी पडतंय, दुसरं काय!" त्या शनिवारी त्यांनी थेंब मोजणं सोडून दिलं.

मग साहेबांना ताप आला. आठवडाभर ते अंथरुणात आणि बाटली कपाटात. बोल्ट टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. हळूहळू तेल कागदात झिरपलं. मला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. रविवारी बाई तसाच बोल्ट घेऊन क्लबात गेल्या आणि गोळ्या एकावर एक अशा बसल्या की कोचने दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं.

वारेशास्त्री म्हणाले, "आज वारा नाही."

 पण बाई हुशार. कागदावरचा तेलाचा डाग त्यांनी पाहिला होता. पुढच्या शनिवारी ताप उतरलेल्या साहेबांनी उत्साहाने बोल्ट न्हाऊ घातला. रविवारी बाईंनी अर्ध्या गोळ्या तशाच झाडल्या, त्या खाली गेल्या. मग प्रसाधनगृहात जाऊन बोल्ट उघडला, पुसला आणि उरलेल्या झाडल्या. मधोमध. साहेबांना बोल्ट उघडताना त्या दर शनिवारी समोर बसून भाजी निवडत पाहत होत्या. हात आपोआप वळले.

आता खरं सांगायची वेळ होती. बाई त्या दुपारी घरी आल्या. दारातच साहेबांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

साहेबांचा चेहरा असा उजळला की बाईंच्या ओठांवर आलेलं वाक्य परत गेलं. "बघ," साहेब म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? सगळी देखभालीची किमया." फोनवर मुलालाही त्यांनी सांगितलं, "तुझी आई नेम धरते रे, पण रायफल कोण चालवतं? देखभाल!"

मग एक नवा रिवाज पडला. शनिवारी संध्याकाळी साहेब मला बुडवायचे आणि रविवारी सकाळी क्लबच्या फाटकाबाहेर गाडी थांबवून बाई मला पुसायच्या. रुमाल डिकीत लपवायच्या. एक भरे, दुसरी उपसे. दोघांचाही हात मायेचाच. पण मित्रांनो, दोन्हीकडून झालेल्या मायेने मी मात्र पार शिणून गेले.

निवड चाचणीच्या सकाळी साहेब कोट चढवून दारात उभे. "मी पण येतो. आज मोठा दिवस आहे."

बाईंचा चेहरा पडला. गाडीत साहेब बाजूच्या सीटवर, बोल्टची पेटी त्यांच्या मांडीवर. फाटक आलं आणि गेलं. पुसायला सवडच मिळाली नाही. बाहेर अशी थंडी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी तेलात गोठून बसले होते.

बाईंचा नंबर पुकारला गेला. त्या चटईवर बसल्या, तेवढ्यात साहेबांनी कोटाच्या खिशातून बाटली काढली. "थांब, दोन थेंब सोडतो. थंडीत जास्त लागतं."

"नको."

"अगं, कमी पडायला नको."

"अहो, नको म्हणते ना."

मागून वारेशास्त्री म्हणाले, "घालू द्या की वहिनी! आमच्या बोल्टला तर घरी कुणी विचारत नाही." सगळे हसले. साहेबही हसले आणि बाटलीचं झाकण उघडलं.

बाईंनी बोल्ट बाहेर ओढला. साहेबांना वाटलं, आपल्याला देतेय; त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांच्याकडे न बघता बोल्ट उघडला, मला आणि पिनेला बाहेर काढलं आणि पुसायला लागल्या. रुमाल तेलाने ओला झाला. त्यांनी तो उलटा केला, दुसरी बाजूही ओली झाली.

"हे काय करतेयस?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"दर रविवारी करते तेच."

"दर रविवारी?"

"फाटकाबाहेर. गाडीत." बाई पिन पुसत राहिल्या. "तुमच्या तेलाने गोळ्या खाली जातात हो. आज नाही जाऊ द्यायच्या मला."

 वारेशास्त्री लांबच्या धुक्यात डोंगर शोधू लागले. साहेबांनी बाटलीचं झाकण लावलं, एक आटा जास्तच फिरवला आणि म्हणाले, "आधी सांगायचंस."

"कधी सांगणार होते? तुम्ही मुलाला फोन करत होता तेव्हा?"

साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी नेम धरला. मी कोरडी होते, मोकळी होते, आणि दर वेळी अगदी सारखी सुटले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली सकाळ होती. बाकाकडे मी पाहिलं नाही. बाईंनीही पाहिलं नाही.

बाई संघात निवडल्या गेल्या. स्पर्धेत खेळल्या, फार वर नाही, फार खाली नाही. पिशव्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळल्या.

त्यानंतर साहेबांनी माझ्याकडे पाहिलेलं नाही. बाईंना पुसता येतं. पुसल्यावर तेलाचं नुसतं बोट फिरवायचं असतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. कधी मला दबलेलीच ठेवून पेटी बंद करतात. दमट हवेत माझ्या दोन वेढ्यांवर तांबूस पुटं आली आहेत. परवा बाईंनी बोल्ट सरकवला तेव्हा आतून खरखर झाली. शेजारच्या खोलीत साहेब वर्तमानपत्र वाचत होते. तो आवाज त्यांच्या कानाने ओळखला, हे मला ठाऊक आहे, कारण पान उलटता उलटता ते थांबले. मला वाटलं, आता उठतील.

"अहो," बाई म्हणाल्या, "जरा बघता का? तुमच्यासारखं मला जमत नाही."

"तुझं तू बघ," साहेब म्हणाले. "माझ्या हातून तेल जास्त पडतं." आणि पान उलटलं.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या. पण ज्याची घ्यायची त्याला किती सोसेल, ते आधी बघा. आणि कुणाची काळजी तुम्हाला जास्त होत असेल, तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा. लपूनछपून पुसत राहिलात, तर सांगायचं वाक्य दर आठवड्याला जड होत जातं आणि शेवटी चारचौघांत निसटतं.

तर झाला हिशोब. बाईंना संघातली जागा मिळाली. क्लबला चारजणांचा फोटो मिळाला. वारेशास्त्रींना पाहुण्यांना सांगायला एक गोष्ट मिळाली. किंमत मोजली ती साहेबांनी. खुर्ची गेली आणि अजून रोज थोडं थोडं फेडताहेत, वर्तमानपत्राआड बसून. बाई त्यांना पुन्हा बोल्टकडे आणायचे दाम विनवणीने भरताहेत, ते अजून पुरे पडलेले नाहीत. आणि दोघांचं मिळून जे उरलं, ते माझ्या अंगावर गंज होऊन चढतंय.