दुसरी बुडी

हिसानोने त्या उंच गोऱ्या पाहुण्याचं मनगट सॉसच्या डब्यावर अधांतरी पकडलं. त्याच्या काडीला तळलेली, अर्धवट चावलेली कमळकाकडी होती आणि ती डब्यापासून दोन बोटांवर थांबली होती.

"घरी अंग न धुताच हौदात उतरतोस का रे?"

त्याला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत त्याने काडी मागे घेतली. हिसानोने कोबीचं एक पान त्याच्या बशीत टाकलं, पानाने सॉस उचलून काडीवर कसा घ्यायचा ते एकदाच करून दाखवलं आणि ती कढईकडे वळली. सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून एक डबा. एका काडीला एक बुडी. चावलेलं पुन्हा आत जायचं नाही. ओसाकातल्या शेंबड्या पोराला जे कळतं ते ह्या विमानातून उतरणाऱ्यांना पाटीवर चार भाषांत लिहूनही कळत नव्हतं.

"वहिनी, तीन वाजले," बाजूच्या स्टुलावरून साचिए म्हणाली.

साचिए तिची धाकटी नणंद. उत्तरेतल्या अकिताच्या बर्फातून चार दिवसांसाठी आलेली आणि आल्यापासून वहीत लिहून आणलेले पदार्थ एकामागून एक चाखत सुटलेली. ऑक्टोपसचे गोळे झाले, कोबीचं धिरडं झालं, गाडीवरचं भाजलेलं रताळं झालं. काल तर ती एका तुरुंगासारख्या सजवलेल्या हॉटेलात हातात बेड्या घालून, गजांच्या आड बसून भात खाऊन आली होती.

"त्यापेक्षा एखादी चोरी केली असतीस," हिसानो तिला म्हणाली होती, "तर फुकट मिळाला असता."

तिने कढईखालची आच बंद केली आणि ॲप्रनची गाठ सोडली. ही गाठ पोटावर असे. उजवा खांदा धरल्यापासून तीन वर्षं तिचे हात पाठीमागे पोचत नव्हते. आता तर भिजवलेल्या पिठाचं भांडं उचलतानाही दुसऱ्याला हाक मारावी लागत होती, आणि हाक मारायला दुसरं कुणी नव्हतं. मुलगा नागोयात गळ्याला टाय आवळून बसलेला. नात मिनोरी गेल्या शरदात निघून गेलेली. गल्लीतल्या दुकानदारांच्या मंडळाने कागद पाठवला होता: टपरी पुढे चालवणारं माणूस असेल तर त्याचं नाव कळवा, नसेल तर ती बंद करायला संमती म्हणून खाली सहीचा शिक्का उमटवून आज पाचच्या आत आणून द्या. हिसानोची शाळा तिसरीतच सुटलेली. सकाळी साचिएनेच तो तिला दोनदा वाचून दाखवला. आता तो घडी घालून हिसानोच्या पिशवीत होता, आणि शेजारी लाकडी डबीत तिचा शिक्का.

मंडळाच्या कचेरीच्या वाटेवरच साचिएच्या वहीतलं आणखी एक सजवलेलं हॉटेल होतं. मिनोरी तिथंच काम करते, हे साचिएने जरा चाचरत सांगितलं.

"ठाऊक आहे मला," हिसानो म्हणाली. "चल, पोटभर हसून घेऊ. शिक्का मारायला कितीसा वेळ लागतो."

हॉटेल एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं आणि आत साठ वर्षांपूर्वीची गल्ली उभी केलेली होती. छतावर संध्याकाळ रंगवलेली. भिंतीवरच्या पत्र्याच्या पाट्यांना ब्रशने काढलेला गंज. कुठूनतरी टोफूवाल्याच्या पिपाणीचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कचऱ्याच्या पेटीवर प्लास्टरचं मांजर बसलेलं. दारातल्या तरुणाने डोक्याला फडकं बांधलं होतं. त्याने दोघींचे बूट उतरवून घेतले, पायांत लाकडी चपला दिल्या आणि "घरी आलात" असं म्हणाला.

हिसानोने ती गल्ली वर-खाली न्याहाळली. असल्याच गल्लीत तिने लग्नानंतरची अकरा वर्षं काढली होती. तिथे गटाराचा वास यायचा आणि पावसात उंदीर घरात शिरायचे. इथे उंदीर नव्हते, एवढं बरं केलं होतं.

साचिएने खाण्याची यादी वाचायला घेतली आणि मध्येच तिला हसू फुटलं. काड्यांच्या खाली खरडपट्टीचे प्रकार दिले होते. साधी, मध्यम आणि जहाल. हवी ती निवडायची, चावलेली काडी मुद्दाम दुसऱ्यांदा सॉसमध्ये बुडवायची, की घंटा वाजते आणि खाष्ट आजी येऊन झोडपते. मग टेबलावर सॉसचा नवा डबा येतो.

"आणि जुना?"

"ओतून देत असतील, वहिनी."

हिसानोने मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

तेवढ्यात घंटा वाजली. मधल्या खोट्या टपरीमागून पाठीत वाकलेली, पांढऱ्या केसांच्या टोपातली म्हातारी बाहेर आली आणि चार मुलींच्या टेबलाकडे तुरुतुरु गेली. चाल हिसानोची होती. डावा पाय आधी, मग कंबरेवर हात, मग हनुवटी वर. ॲप्रनची गाठसुद्धा पोटावर बांधलेली.

"घरी अंग न धुताच हौदात उतरतेस का गं?" म्हातारी कडाडली, आणि मुली टाळ्या पिटत, फोन उंचावत हसत सुटल्या.

साचिएही हसली, आणि वहिनीचा चेहरा बघून तिने तोंडावर रुमाल धरला.

हिसानो त्या गाठीकडे बघत राहिली. तिच्या टपरीवर ह्या वाक्याला कधी कुणी हसलं नव्हतं. माणसं शरमायची, माफी मागायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची. ह्याच मिनोरीने गेल्या शरदात एका दांडग्या गिऱ्हाइकाला दुसरी बुडी मारताना डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मान खाली घालून कोबी चिरत राहिली होती. हिसानोला सगळ्यांदेखत अख्खा डबा मोरीत ओतावा लागला होता. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की जिला नजर वर उचलता येत नाही तिने माझ्या कढईमागे उभं राहू नये. मिनोरीने ॲप्रन सोडला, चार घड्या घालून फळीवर ठेवला आणि ती गेली. आता इथे टोप घालून तेच शब्द मिजाशीत विकत होती. दुसऱ्याची जीभ तोंडात धरून कुणालाही शूर होता येतं.

त्यांच्या काड्या आल्या. हिसानोने कमळकाकडी उचलली, सॉसमध्ये बुडवली आणि एक घास घेतला. पावाच्या चुऱ्याचा थर एवढा जाड होता, की कमळकाकडीने रजई पांघरली होती जणू. तेल कालचं.

"कशी आहे?" साचिएने विचारलं.

"आजारी माणसाला द्यावी. लवकर सुटेल बिचारा."

खाष्ट आजी टेबलांमधून फेरी घालत इकडेच येत होती. दोन पावलांवर ती थबकली. टोपाखालचे डोळे हिसानोच्या डोळ्यांना भिडले, आणि वाकलेली पाठ थोडी सरळ झाली. पण फेरी अर्धी सोडता येत नव्हती. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

हिसानोने तिच्यावरची नजर काढली नाही. हातातली चावलेली काडी तिने सावकाश वळवली आणि सॉसच्या डब्याकडे नेली.

"वहिनी!" साचिए पुटपुटली.

साठ वर्षांत हा हात कधी तिकडे गेला नव्हता. फडकंवाल्या तरुणाने घंटेच्या दोरीला हात घातला. शेजारच्या टेबलावर फोन वर झाले. काडी आत गेली, की घंटा, मग खरडपट्टी, मग टाळ्या. इथली रीत तीच होती.

काडी आत गेलीच नाही. डब्यापासून दोन बोटांवर हिसानोचं मनगट घट्ट पकडलं गेलं. पकड चांगलीच होती; धरलेल्या खांद्यापर्यंत कळ गेली.

घंटा चुकून वाजली. कुणी हसलं नाही, कारण हसायला काही झालंच नव्हतं. मिनोरी स्वतःच्या आवाजात, हलकेच बोलली.

"आत नाही जायची. सॉस हवा तर पानानं घ्या."

आणि दुसऱ्या हाताने तिने कोबीचं पान हिसानोच्या बशीत ठेवलं.

काळ्या कोटातला मॅनेजर धावत आला. त्याने हिसानोपुढे कमरेत वाकून तीनदा माफी मागितली. पाहुण्यांच्या अंगाला हात लावायची इथे सक्त मनाई आहे, मुलगी चुकली. मग तो मिनोरीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, की काडी आत जाऊ द्यायची असते, त्याशिवाय खेळ कसा होणार. वाक, माफी माग.

मिनोरी वाकली नाही. मनगटही अजून सोडलं नव्हतं.

"आत गेल्यावर बोलून काय उपयोग," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "डबा वाया गेलेला असतो तोवर."

हिसानोने आपलं मनगट सोडवून घेतलं आणि जरा चोळलं.

"मी काय काचेची आहे?" ती मॅनेजरला म्हणाली. "हात लागला तर लागला. तुमचं तेल बदला आधी."

दोन काड्या उरल्या होत्या. हिसानोने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि त्या त्यात गुंडाळायला घेतल्या.

"वहिनी, अहो तो मंडळाचा कागद," साचिए घाईने म्हणाली. "साडेचार होत आले. तेल लागलं त्याला."

"दिसतंय मला. वाचता येत नाही म्हणून दिसत नाही थोडंच." तिने पुडीची टोकं दाबून आत खोचली. खाली, शिक्क्याच्या मोकळ्या चौकटीतून तेल पसरत वर चढत होतं. "कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही ह्याला. पण टाकून कसं जायचं."

ती टेबलाच्या कडेला हात टेकून उठली. लाकडी चपलांनी दोन पावलं अडखळली आणि मिनोरीपाशी आल्यावर थांबली. टोपाकडे, रंगवलेल्या सुरकुत्यांकडे तिने बघितलंही नाही. तिने नुसतं बोटाने पोटावरच्या गाठीला टोचलं.

"ही मागं बांधत जा," ती म्हणाली. "तुझे हात पोचतात अजून."

आणि उत्तराला न थांबता ती दाराशी गेली, बूट कुठे ठेवलेत म्हणून त्या फडकंवाल्यावर खेकसायला.