रिंगमध्ये अडकलेला आत्मा

तारबाबांनी डोळे मिटले, तांब्याचं कडं डोक्यावर धरलं आणि गर्जना केली, "ये! थांबव!"

इस्पितळाच्या नोंदणी हॉलमधल्या सगळ्या स्क्रीन एकदम गोठल्या. प्रयोगशाळेतून वॉर्डात निघालेले रक्ताचे अहवाल वाटेतच अडकले. रांगेतल्या पेशंटांनी हात जोडले, नातेवाइकांनी जोडले, पांढऱ्या कोटातल्या दोन डॉक्टरांनीसुद्धा जोडले. बाबा जरा वेळ पुटपुटले, मग "जा!" म्हणून त्यांनी कडं खाली आणलं. स्क्रीन पुन्हा हलू लागल्या.

"पाहिलंत? आत्मा आहे!" बाबा म्हणाले. "जिवंतपणी यानेच इथल्या तारा ओढल्या. आता त्याच तारांत गोल गोल फिरतोय. रिंगला ना सुरुवात ना शेवट, बिचारा बाहेर पडणार कुठून?"

गर्दी हळहळली. बाबांचं कडं सावकाश नोंदणीच्या खिडकीकडे वळलं.

"त्याला धरून ठेवलंय त्याच्या बायकोने. ती त्या खुर्चीत आहे तोवर त्याला सुटका नाही. आणि तुम्हालाही नाही!"

खिडकीतली बाई मान खाली घालून बसून राहिली. भिंतीशी उभ्या असलेल्या प्रोग्रामरबाईच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. हा भोंदू ज्याला भूत म्हणत होता तो तिचा सख्खा भाऊ, आणि खिडकीतली ती तिची वहिनी. भाऊ गेल्यावर वहिनीने रडणं आवरून ही नोकरी धरली होती, दोन मुलींना शिकवत होती. आता हॉलभर माणसं तिच्याकडे अशी बघत होती की जणू तिनेच नवऱ्याला तारांनी बांधून ठेवलंय.

प्रोग्रामरबाई तडक अधीक्षकांच्या खोलीत गेली.

"बाई, माझाही विश्वास नाही हो," अधीक्षक म्हणाले. "पण स्टाफ घाबरलाय. सोमवारी बाबा पुन्हा येतायत. तोवर तुमच्या वहिनींनी मशीनला हात लावू नये. आणि तेव्हाही असंच झालं, तर त्यांनी राजीनामा दिलेला बरा. लोकांच्या भावना असतात."

"आणि तिला भावना नाहीत?"

"भांडारपालांनी एवढ्या श्रद्धेने बाबांना आणलंय…"

श्रद्धा कसली! भांडारपालाचा मेहुणा त्याच खुर्चीवर डोळा ठेवून होता, हे इस्पितळातल्या पोऱ्यालाही माहीत होतं.

प्रोग्रामरबाई आपल्या मशीनपुढे जाऊन बसली. इस्पितळाचं नेटवर्क टोकन रिंगचं होतं. टोकन रिंग म्हणजे काय, तर सगळ्या मशीन एका गोल साखळीत जोडलेल्या असतात आणि त्यांच्यातून टोकन नावाचा परवाना फिरत असतो. तो ज्याच्या हाती येईल त्यानेच बोलायचं. प्रत्येक मशीन वरच्या शेजाऱ्याकडून ऐकते आणि खालच्या शेजाऱ्याला सांगते. वरून काहीच ऐकू येईनासं झालं, तर ती मशीन ओरडायला लागते. या ओरडण्याला बीकन म्हणतात. त्यात दोन पत्ते असतात: ओरडणारीचा, आणि गप्प पडलेल्या वरच्या शेजाऱ्याचा.

म्हणजे रिंग थांबवणारा कोण, हे रिंग स्वतःच बोंबलून सांगत होती. फक्त ऐकणारं कुणी नव्हतं. बाबा हॉलमध्ये नाचत असताना तारेवरून गेलेली निरोपांची सगळी पाकिटं तिच्या मशीनने पकडून ठेवली होती. ती उलगडून कागदावर छापणारा प्रोग्राम तिने आता C भाषेत लिहायला घेतला. आधी पाकिटाचा प्रकार, मग पत्ते, मग आतला मजकूर.

पहिला कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा बीकन सापडले होते. पण गप्प पडलेल्या मशीनचा पत्ता होता ०२-००-००-००-००-E8. इमारतीत असली मशीनच नव्हती. ती डोकं धरून बसली असताना भांडारपाल मागून वाकला, कागद वाचला आणि उचलून थेट हॉलमध्ये पळाला.

"घ्या! बाईंच्याच प्रोग्रामने सांगितलं! इथे नसलेली मशीन रिंग थांबवतेय! आत्म्याचा पत्ता!"

वहिनीच्या शेजारची टंकलेखिका खुर्ची उचलून लांब जाऊन बसली. प्रोग्रामरबाईला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्याव्याशा वाटल्या.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "खरंच ते असतील का हो?"

"वहिनी! अगं, दादा असता तर त्याने ही रिंग थांबवली असती? पेशंटचे अहवाल अडवले असते?"

प्रोग्रामरबाईने कागदाची दुसरी प्रत काढली आणि एकेक पत्ता पुन्हा वाचला. एकाएकी तिला संतापातच हसू फुटलं. कागदावर तिच्या स्वतःच्या मशीनचाही पत्ता नव्हता! एकूण एक पत्ते ०२ ने सुरू होत होते, आणि दादाने दिलेला प्रत्येक पत्ता तर ४० ने सुरू होऊन खोलीच्या नंबरने संपायचा. बाबांच्या हिशेबाने अख्खं इस्पितळच भुतांचं झालं होतं.

मग चूक तिच्या लक्षात आली. पत्ता छापणारं फंक्शन तिने दुसऱ्या जातीच्या नेटवर्कसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्राममधून जसंच्या तसं उचललं होतं. ते प्रत्येक बाइटमधले बिट, म्हणजे शून्य-एकचे आठ आकडे, उलट्या क्रमाने लावून छापायचं. तिथे ते बरोबर होतं, टोकन रिंगमध्ये बिट सरळच ठेवायचे असतात. तिने उलटं करणारी ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

४०-००-००-००-००-१७.

सतरा नंबरची खोली म्हणजे भांडारपालाची खोली.

सोमवारी हॉल खच्चून भरला. भांडारपाल तेवढा दिसत नव्हता. प्रोग्रामरबाईने अधीक्षकांना आपल्या मशीनशेजारी उभं केलं आणि वहिनीलाही बोलावून घेतलं. बाबा गरजले, "ये! थांबव!" स्क्रीन गोठल्या, आणि शेजारचा प्रिंटर खडखडू लागला: बीकन. ओरडणारी खोली अठरा. गप्प खोली सतरा. बीकन. ओरडणारी खोली अठरा. गप्प खोली सतरा.

"चला साहेब," ती म्हणाली. "आत्म्याला भेटून येऊ."

सतरा नंबरचं दार ढकललं तर भांडारपाल मशीनपुढे बसलेला, उजवा पाय टेबलाखाली दाबून. पायाखाली दारावरच्या घंटीचं बटण होतं. नेटवर्कची केबल एका जागी सोललेली होती, आणि बटण दाबलं की निरोप पाठवणाऱ्या दोन तारा एकमेकींना चिकटत होत्या.

"हे… हे आधीपासूनच होतं," भांडारपालाची बोबडी वळली.

बाबा आणि गर्दी मागून येऊन दारात थबकली. "आत्म्याने याच्याकडून करवून घेतलं!" बाबा ओरडले.

"आणि रिंग चालू कोणी केली?" बाई कडाडली. "तुम्ही? ऐका सगळ्यांनी! शेजारीण ओरडली की गप्प पडलेली मशीन स्वतःहून रिंगमधून बाजूला होते आणि स्वतःची चाचणी घेते. नापास झाली तर बाहेरच राहते, आणि बाकीची रिंग पुन्हा सुरू होते. हे तंत्रातच आहे, आणि तारा माझ्या भावाने चोख ओढल्या म्हणून ते चालतं. तुम्ही तेवढा वेळ ओठ हलवत उभे होतात. आयत्या बिळावर नागोबा!"

"नास्तिक बाई—"

"वहिनी, पुढे ये. बाबा आता गप्प राहतील, मंत्र म्हणणार नाहीत. मशीन रिंगमध्ये परत जोडलीय. दाब बटण."

वहिनीने बटण दाबलं. हॉलमधून ओरडा आला, "बंद पडलं!" कुणी पुटपुटलं नाही, कुणी कडं हलवलं नाही. सगळे वाट बघत उभे राहिले. मग हॉलमधूनच दुसरा आवाज आला, "चालू झालं!"

वॉर्डातली सिस्टर गर्दीतून पुढे घुसली. तिचा चेहरा लाल झाला होता. "गेल्या खेपेला मी ऑपरेशनच्या पेशंटचा रक्तगट अडकला म्हणून जिन्यावरून धावत होते. आणि तुम्ही इथे हात जोडून उभे होतात!" ती डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांनी नजर चुकवली. बाबा कडं झोळीत घालून निघू पाहत होते. रखवालदाराने दार लावून घेतलं आणि अधीक्षकांनी पोलिसांना फोन लावला.

फोन ठेवून अधीक्षक वहिनीकडे वळले. "झालं ते झालं. तुम्ही आपल्या जागेवर बसा."

वहिनी हलली नाही.

"साहेब, वन्सं म्हणतात की आळ आलेली मशीन चाचणी देते. तेवढ्याने भागलं नाही, तर आळ घेणारी मशीनसुद्धा आपली स्वतःची चाचणी घेते, की बाई, चूक माझीच तर नाही ना. निर्जीव तारांना एवढी अक्कल आहे. तुम्ही शिकलेली माणसं. माझ्यावर एवढा मोठा आळ आला, तर तुमच्यापैकी एकाने तरी काही तपासून पाहिलंत?"

ते दोन डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

"तेवढं तरी शिका," वहिनी म्हणाली आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसली. "पुढचा पेशंट कोण आहे? या, नाव सांगा."