एका पिशवीची दोन कव्हरं

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाण्याने शेकायची. रंग विटलाय, बूच तेवढं घट्ट आहे. मित्रांनो, साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण लोकांचं दुखणं ओढून घेणार. ते काही जमलं नाही. पण दुखणं सोसणारी एक बाई जवळून पाहिली आणि तिच्यापुढे कायमची नमले.

ती मावशी. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. बोटं आखडलेली असली तरी तिच्या कॉलरची टोकं कशी, सुईसारखी! खांदे, पाठ, मांड्या, सगळं अंग ठणकायचं. वर पोटात कळा, कधी जुलाब, कधी पोट साफच नाही. तिने मला दोन कव्हरं शिवली होती, पाठीसाठी निळं, पोटासाठी पिवळं. दवाखान्यातही तसंच. पाठ एका विभागात, पोट दुसऱ्यात. इकडचं तिकडे बोलायचं नाही, कारण दोन्हीकडे दटावलं होतं, "ते आमच्याकडे नाही." तपासण्यांत काही निघेना. मग काय, घरात जाऊबाईंना रान मोकळं!

"काल पाठ, आज पोट. उद्या काय, नाक?"

सुपरवायझर म्हणाला, "पुन्हा मशीन सोडून उठलात तर तिथे दुसरी बाई बसवीन."

मला संताप यायचा. ज्या अंगाला मी रोज टेकत होते, ते खोटं बोलत नव्हतं.

एकदा घाईत ती पाठीच्या डॉक्टरीणबाईंकडे मला पोटाशी धरूनच गेली, पिवळ्या कव्हरात. सोबत जाऊबाई.

"पाठ दुखते, आणि पिशवी पोटावर?" बाईंनी विचारलं.

"पोटाचं तिकडे सांगते, डॉक्टर."

"इथे येताना पोट घरी ठेवून आलात का? सांगा इथेच."

मावशीने पहिल्यांदाच सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी नीट तपासलं.

"या अंगदुखीला फायब्रोमायल्जिया म्हणतात. ज्यांना तो असतो, त्यांतल्या पुष्कळांची आतडीही अशीच चिडतात. जखम दिसत नाही, पण नसा आणि मेंदू दुखण्याचा आवाज मोठा करून ऐकवतात. नाटक नाही हे. औषध, हलका व्यायाम, झोप, दोन्हींचं मिळून बघू."

घरी पाणी जाऊबाईंनीच तापवलं. "कुठे ठेवू आधी, पाठीला की पोटाला?"

दुसऱ्या दिवशी मावशीने सुपरवायझरला सुनावलं, "मी मधेमधे उठणार. कॉलर वाकडी निघाली तर काढा मला."

कॉलर वाकडी निघाली नाही. मावशी अजून त्याच मशीनवर आहे. दुखणंही आहे, पण आता ते सांगता येतं.

दोन्ही कव्हरं उसवून तिने एकच शिवलं, अर्धं निळं, अर्धं पिवळं. मित्रांनो, माझ्यात उकळतं पाणी ओतू नका, रबर तडकतं. आणि दुखतंय म्हणणाऱ्याला नाटकी म्हणू नका. माणूसही तडकतं, फक्त गळताना दिसत नाही.