चार माणसांचं प्रमाण

ताट भिंतीवर आदळलं. किसलेल्या फ्लॉवरचे पांढरे कण क्षणभर भिंतीला चिकटून राहिले आणि मग एकेक करून खाली ओघळले. ताट स्टीलचं होतं, फुटलं नाही. फरशीवर नुसतं गरागरा फिरत राहिलं. भिंगरीने, म्हणजे साडेचार वर्षांच्या लेकीने, त्यावर पाऊल ठेवून ते थांबवलं. आवाज थांबला की बाबाही थांबतात असा तिचा एक अंदाज होता. तो दर वेळी खरा ठरत नसे.

"ह्याला भात म्हणतेस तू?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय ना, धान्य कमी..."

भिंगरीच्या आईचं पुढचं वाक्य गालावरच अडलं. कानात बारीक शिट्टी वाजली. दुसरी चपराक तिने हातावर झेलली, तर त्याने मनगट धरून तिला ओट्यावर ढकललं. आतल्या खोलीत सासूबाईंचा रेडिओ मोठा झाला. दात नव्हते म्हणून त्या आपलं ताट घेऊन आतच जेवत, आणि बाहेर काही वाजलं की रेडिओचं बटण फिरवत. इतकी वर्षं फिरवून त्या बटणावरचे आकडे पुसून गेले होते.

तो हात धुऊन निघून गेला. तिने भिंत पुसायला घेतली. भिंगरी पलंगाखालून दोन काचेचे पेले घेऊन आली, पांघरुणात गुंडाळलेले.

"आई, काचेचं उठवू का आता?"

"उठव, राणी."

बाबांच्या बुटांचा आवाज आला की काचेचं सगळं झोपवायचं, हे भिंगरीने स्वतःच ठरवलेलं काम होतं. कोणी शिकवलं नव्हतं.

नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. गावातल्या अर्ध्या लोकांच्या नाकावर त्याच्याच हातचं काम होतं. केसाच्या रुंदीइतकी काच कमी करायची तर तेवढीच कमी करील, असा हात. दुकानाचे मालक घरी आले की चारचौघांत सांगायचे, "ह्याचा हात म्हणजे लोणी!" ती पाणी आणून ठेवायची आणि हसायची.

वर्षापूर्वी त्याची साखर वाढली. डॉक्टरांनी भात, पाव, सगळं धान्य निम्म्यावर आणायला सांगितलं. त्या दिवशी सासूबाईंनी तिला आत बोलावून दार लोटलं होतं.

"बरं झालं. धान्यच डोक्यात जातं ह्यांच्या घराण्यात. पोट जड झालं की हात सुटतो. तुझ्या सासऱ्यांचं तिखट सोडवलं होतं मी."

"मग? फरक पडला?"

"मग ते गेले," सासूबाई म्हणाल्या आणि उशी नीट करत बसल्या.

बुडत्याला काडीचा आधार. तिने ती काडी घट्ट धरली. एक जाड वही आणली. रोज काय रांधलं, कसं रांधलं, किती माणसांचं, सगळं ती लिहू लागली. माणसांचा आकडा लिहायची सवय माहेरची. तिची आई म्हणायची, माणसं न मोजता चूल पेटवणारी बाई एक तर राणी असते नाहीतर वेडी. भोपळ्याचं सूप, बदामाच्या पिठाचा पाव, पालक घातलेलं ऑम्लेट, भाजून लिंबू पिळलेला नवलकोल. ज्या दिवशी जेवण शांततेत झालं त्या दिवशीच्या पदार्थासमोर ती पेन्सिलीने एक चांदणी काढायची. दुसऱ्या दिवशी भिंगरी त्यात पिवळा रंग भरायची. रंग रेघेबाहेर जायचा. बाकीच्या दिवशी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एखादा प्रश्न असे. *मीठ जास्त झालं? गार वाढलं? लसूण नको होता?*

फ्लॉवरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, आमच्या व्यायामाच्या गटातल्या बायकांना तुझ्याकडचे पदार्थ हवेत गं. वर्षभरातले तुझे आवडते दहा लिहून पाठव. आणि हे बघ, प्रमाण सगळीकडे चार माणसांचंच ठेव, नाहीतर फोन करकरून जीव खातील माझा."

"पाठवते, ताई."

"आमचं ध्यान खातं का सगळं?"

"खातात की."

"खाणारच. आमच्याकडे आला की ताटात पडेल ते मुकाट गिळतो. गरीब गाय आहे नुसता."

ती गालावर बर्फाचा खडा धरून उभी होती. पाणी कोपरावरून ठिबकत होतं.

भिंगरीला दुपारचं निजवून ती वही घेऊन बसली. आवडते म्हणजे चांदण्यांचे, असं ती धरून चालली. वर्षभरात चांदण्या सव्वीस होत्या. पहिली भोपळ्याच्या सुपाला. प्रमाण सहा माणसांचं. त्या दिवशी दुकानाचे मालक सपत्नीक आले होते. सहाचं चार करायचं तर भोपळा किती, आलं किती, तिने बोटांवर हिशेब केला. दुसरी, बदामाचा पाव, पाच माणसांचा. तिसरी, आठ, नणंद सहकुटुंब आली होती. कंटाळून तिने ठरवलं, आधी जे मुळातच चार माणसांचे आहेत ते उतरवून काढावेत, म्हणजे आकडेमोड नको.

तिने पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

पाच. सहा. पाच. वरच्या मजल्यावरचे मास्तर जेवायला होते. पाच. त्याचा मावसभाऊ. सात.

चार माणसांची, म्हणजे नुसत्या घरच्यांची, पानं तर ढीगभर होती. भोपळ्याचं सूप पुन्हा तीनदा होतं, तेच आलं, तेवढंच मीठ. त्यातल्या एका पानावर तेलकट डाग होता, आणि तो दिवस तिच्या भुवईला अजून आठवत होता. त्या एकाही पानावर पिवळा रंग नव्हता.

तिने पेन्सिल उलटी धरली आणि मागच्या रबराने तळाशी लिहिलेले प्रश्न खोडायला लागली. मीठ. लसूण. गार. खोडता खोडता एके ठिकाणी कागद फाटला.

संध्याकाळी तिने पाच माणसांचा फ्लॉवर किसला. परतला, गार होऊ दिला. मीठ घातलंच नाही. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलं आणि जिन्याकडचं दार सताड उघडं ठेवलं.

"काचेचं झोपवू?" भिंगरीने विचारलं.

"आज नको. आज आपण बघू या."

तो आला. ताटं मोजली.

"कोण येणार आहे?"

"मालक म्हणाले होते ना, कधीतरी सहज डोकावतो म्हणून."

"आज?"

"आले तर असावं आपलं."

त्याने तोंड धुतलं, धुतलेला शर्ट घातला, भांग पाडला. जेवायला बसून त्याने पहिला घास घेतला. त्याच्या कानशिलाजवळची शीर उभी राहिली. तिने ती पाहिली आणि ओट्याला पाठ टेकवली.

"अळणी आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "गार आहे."

"हो."

खुर्ची मागे सरकली. हात खांद्यापर्यंत वर गेला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हात तिथेच थांबला, मग सावकाश केसांवरून मागे फिरला, जणू भांगच नीट करायचा होता. दारात वरच्या मजल्यावरचे मास्तर दिसले.

"काय, जेवणं चाललीत?"

"या ना, मास्तर! बसा. हिने फ्लॉवर काय फक्कड केलाय बघा."

"नको हो, झालं माझं," म्हणत मास्तर वर गेले.

तो पुन्हा बसला. दाराकडे डोळे लावून त्याने तो गार, अळणी फ्लॉवर शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. भिंगरी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. चांदणी काढायची का, असं तिने आईला डोळ्यांनीच विचारलं.

वरचं दार लागल्याचा आवाज आला. जिना शांत झाला. तो उठला. उघड्या दाराशी गेला, बाहेर डोकावला, दार लावलं. मग कडी घातली. वरची घातली, खालचीही घातली.

मग तो वळला.

त्या दिवशी पट्टा होता. तिने भिंगरीला टेबलाखाली सारलं आणि पाठ पुढे केली. काचेचा एक पेला फुटला, आतला रेडिओ सुरू झाला, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसत राहिली: आधी कडी, मग हात. आधी कडी.

पण रेडिओ त्या दिवशी मोठा झाला नाही. मध्येच बटण वाजलं आणि तो बंद झाला.

सकाळी तो कामावर गेला. जाताना म्हणाला, "संध्याकाळी नीट काहीतरी कर." बुटांचा आवाज जिना उतरून गेला तशी तिने पलंगाखालून पिशवी ओढली. भिंगरीचे तीन फ्रॉक, स्वेटर, पिवळा खडू. मावशीच्या गावची बस साडेदहाला होती. वहीही भरायला घेतली, पण सवय सुटत नाही. उभ्या उभ्याच तिने कोरं पान उघडून तारीख घातली आणि लिहिलं, *भात.* त्याखाली माणसांचा आकडा.

दार करकरलं. सासूबाई चौकटीत उभ्या होत्या. दिवसाढवळ्या त्या स्वयंपाकघरात फारशा येत नसत. त्यांनी पिशवी पाहिली, सुनेच्या मानेवरचा वळ पाहिला, फरशीच्या कोपऱ्यात राहिलेली काच पाहिली. मग वहीवर बोट ठेवलं.

"चष्मा नाही माझा. काय लिहिलंयस?"

"प्रमाण लिहिलंय, आई."

"किती जणांचं?"

तिने वही मिटली नाही. "दोघींचं."

सासूबाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या, वाचता येत असल्यासारख्या. भिंगरी सँडलचा पट्टा लावत होती, उलट्या पायात.

"माझे दात नाहीत," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "मला भात मऊ लागतो. पाणी जास्त धर."

आणि त्या आपली चप्पल शोधायला आत गेल्या.