सगडनच्या चित्राखालची बाई

"हे सगडनचंच काम, नाही का?" संग्रहालयाच्या ऑर्मरॉडसाहेबांनी क्ष-किरणांचा फोटो टेबलावरून पुढे सरकवला. "त्याच्या गिरणीच्या चित्राखाली सापडलं. सतराव्या वर्षी असं काढत होता बघा. तुम्ही त्याच्या शाळेतल्या बाई. नुसतं हो म्हणा, उद्या फोटोसकट पाटी लावतो भिंतीवर."

एनिड थॅकरेने चष्मा पुसला. स्केलबीच्या कलाशाळेत ती एकतीस वर्षं चित्रकला शिकवत होती आणि मी पलीकडच्या खोलीत मातीकाम. आज तिने मला बरोबर ओढून आणलं होतं आणि लग्नाकार्यातली हॅट घातली होती. एवढ्यावरून तिला आज कसली तरी आशा आहे, हे मी समजलो होतो.

फोटोतल्या राखाडी धुक्यातून एक म्हातारी बघत होती. हातात बटाटा. मी तिला लगेच ओळखलं. एनिडची आई. चहा पातळ झाला की कपाकडे अशीच बघायची.

लढाईच्या दिवसांत कॅनव्हास मिळेनासा झाला, तेव्हा एनिडने आपली सगळी चित्रं शाळेत आणली. मोजून चव्वेचाळीस. मुलांना म्हणाली, पांढरा रंग फासा आणि वर काढा. "एखादं तरी ठेव गं," मी म्हटलं होतं. "काढीन की पुन्हा," ती म्हणाली. पुढे आईचं आजारपण निघालं, मग संध्याकाळचे वर्ग. पुन्हा काही झालं नाही. बाकीची चित्रं मुलांच्या घरच्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यांवर ठोकली. डेरेक सगडन तेवढा लंडनला जाऊन मोठा झाला, म्हणून हे एक वाचलं.

"हे डेरेकचं नाही," एनिड म्हणाली. "माझं आहे. ही माझी आई."

"नक्की?"

"बटाटे मीच सोलायचे. ती फक्त चित्रापुरता हातात धरून बसली होती."

ऑर्मरॉड तसे सभ्य गृहस्थ. त्यांनी पेन काढलं आणि समोरच्या कागदावरच्या चार ओळी नीट खोडल्या. "बरं झालं विचारलं. छापून गेलं असतं."

"मग पाटीवर आता..." एनिडने हॅट सारखी केली.

"आता पाटी कशाला? लोक सगडनसाठी येतात. खाली जुना कॅनव्हास निघाला, एवढंच. निघतात असे."

"हो," एनिड म्हणाली. "निघतात."

"साहेब, एक नाव लिहायला अशी किती जागा लागते?" मी विचारलं.

"जागेचा प्रश्न नाही हो."

"विल्फ, राहू दे." तिने समोरचा चहा संपवला. "हा फोटो मी नेऊ का?"

"न्या की. आमच्या काही उपयोगाचा नाही आता."

बसमध्ये मी म्हटलं, "हो म्हणाली असतीस, तर आई भिंतीवर लागली असती."

"डेरेकच्या नावावर."

"लागली असती ना पण."

दोन थांबे गेल्यावर तिने फोटो मांडीवर घेतला, पर्समधून पेन्सिल काढली. मागे तारीख घालत असेल असं मला वाटलं. तिने कडेच्या पांढऱ्या पट्टीत एक कोपर काढलं, तीन रेघांत.

"चित्रात आईचा हा हात लांब झालाय," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. खरंच झाला होता.